मीटरच्या खोलीतलं औषध

माझ्या बायकोच्या ओटीपोटातल्या दुखण्यावरचं होमिओपॅथीचं औषध पाच महिने न चुकता घेऊन मी बरा झालो.

हे घडलेलं नाही. आमच्या सोसायटीच्या नोटीसबोर्डावर तशी नोटीस लागली होती, हे मान्य. पण त्याच बोर्डावर कोपरखैरण्याला चोवीस तास पाणी येणार अशीही नोटीस होती, तेव्हा त्या बोर्डाचं काय मनावर घ्यायचं? असं काही झालंच नाही असं आपण धरून चालू आणि मूळ गोष्टीकडे वळू. ती पूर्णपणे वेगळी आहे.

मूळ गोष्ट प्रियदर्शिनीच्या दुखण्याची. प्रियदर्शिनी माझी बायको. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात ती लिपिक आहे. हजेरीपटाच्या रकान्यात तिचं नाव मावत नाही, म्हणून तिथे ती ‘प्रियद.’ आहे. दर महिन्याला पाळीच्या आदल्या दिवशी तिचं दुखणं सुरू व्हायचं आणि चांगलं तीन-चार दिवस टिकायचं. दुखणं म्हणजे ‘जरा दुखतंय’ म्हणून चहा घेतल्यावर थांबतं तसलं नाही. ती ओट्याचा कोपरा दोन्ही हातांनी धरून उभी राहायची आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायची. मी विचारायचो, “काय होतंय?” ती म्हणायची, “तीन झाल्या.”

वाशीला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर वाढत असावं. एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. पोटात दुर्बीण घालून बघावं लागेल.” त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आणि पाकीट खिशात ठेवलं. त्या दिवशी मी केलेली हालचाल एवढीच.

याला कारण होतं. दुर्बिणीने बघायचं म्हणजे दवाखान्यात दाखल करायचं. दाखल करायचं म्हणजे मार्केटात शेठला, कोरेगावला आईला आणि सोसायटीत सेक्रेटरींना कारण सांगायचं. कारण सांगायचं म्हणजे तो शब्द उच्चारायचा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि तो शब्द मी मोठ्याने एकदाही उच्चारलेला नव्हता. लहानपणी आई चार दिवस बाजूला बसायची तेव्हा ‘कावळा शिवला’ असं सांगायचे. त्यामुळे दुसरी-तिसरीत असताना मी गावातल्या कावळ्यांवर बारीक पाळत ठेवली होती. त्यांतला एक मला दोषी वाटायचा. या विषयातलं माझं शिक्षण तिथेच थांबलं होतं.

अशा परिस्थितीत प्रियदर्शिनीच्या ऑफिसातल्या कुणीतरी नेरूळच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मला तो मार्ग फार सभ्य वाटला. दाखल करत नाहीत, कापत नाहीत, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देतात. कुणाला कळायचं कारण नाही.

“आधी गोळ्या करून बघू,” मी म्हणालो.

प्रियदर्शिनीने माझ्या तोंडाकडे बघितलं. “बघू,” ती म्हणाली.

नेरूळचे डॉक्टर रामचंद्र केळुस्कर अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांचा केसपेपर बावीस पानांचा होता. दुखण्याला त्यात अर्धं पान होतं आणि उरलेली साडेएकवीस पानं स्वभावाला. झोपताना कोणती कूस? तहान लागली की घोटघोट पाणी पिता की गटागटा? खोल दरी बघितली की काय वाटतं?

“कोपरखैरण्यात दरी नाही,” प्रियदर्शिनी म्हणाली.

“समजा असली.”

“तर सिडको तिथे भराव टाकेल.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “दुखत असताना कुणी सांत्वन केलं तर बरं वाटतं, की चीड येते?”

“अजून कुणी केलं नाही,” प्रियदर्शिनी म्हणाली. “केलं की सांगते.”

डॉक्टरांनी तेही लिहिलं. मी भिंतीवरचा मानवी सांगाड्याचा तक्ता वाचायला घेतला. तो इंग्रजीत होता आणि मला बराच वेळ पुरला.

शेवटी ‘पतीचे निरीक्षण’ नावाचं एक स्वतंत्र पान निघालं. डॉक्टर माझ्याकडे वळले. “यांना नेमकं कुठे दुखतं, तुमच्या मते?”

“खाली.”

“खाली म्हणजे?”

“गळा आणि गुडघा यांच्या मधे,” मी म्हणालो.

याहून जास्त मी त्या दिवशी बोललो नाही. डॉक्टरांनी एका ओळीत निरीक्षण लिहून पान मिटलं.

मग पथ्यं. कच्चा कांदा, लसूण, कॉफी, हिंग, कापूर, बाम, अत्तर यांतलं काहीही औषधाच्या आसपास येता कामा नये. उग्र वासाने औषधाचा गुण जातो. गोळ्यांना हात लावायचा नाही, बाटलीच्या झाकणात चार घ्यायच्या आणि थेट जिभेखाली सोडायच्या. सकाळी सात, संध्याकाळी साडेसात.

“आपण काय करता?” डॉक्टरांनी मला सहज विचारलं.

“कांदा-बटाटा मार्केटात आहे. व्यापाऱ्याकडे दिवाणजी.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते रोगाकडे बघतात तसं. मग म्हणाले, “बटाट्याकडे बदली मिळेल का?”

दुसऱ्या दिवशी मी शेठना खरंच विचारलं. शेठ म्हणाले, “कुलदीप, तीस वर्षं मी कांद्यात बसतोय. कांद्याने माणसाला रडू येतं, बाकी काय होत नाही. जा, सातारच्या गाडीच्या हिशेबाची पट्टी कर.” बदली झाली नाही. मग मी कामावरून आलो की दाराबाहेरच शर्ट काढायचो आणि कुणाशी न बोलता मोरीत जायचो. शेजाऱ्यांना वाटायला लागलं की मी रोज कुणाच्या तरी मयताला जाऊन येतो.

खरा प्रश्न बाटली कुठे ठेवायची हा होता. आमचं घर दीड खोलीचं. स्वयंपाकघरात हिंग आणि लसूण. कपाटात डांबराच्या गोळ्या. देव्हाऱ्यात कापूर. मोरीत टूथपेस्ट. पलंगाखाली माझे बूट, ज्यांच्याबद्दल डॉक्टरांनी काही म्हटलेलं नव्हतं, पण मलाच धाडस झालं नाही. एक आख्खा रविवार मी बाटली हातात धरून वास घेत इमारतभर हिंडलो. आणि मला पूर्णपणे बिनवासाची एकच जागा सापडली, जिन्याखालची मीटरची खोली.

मीटरच्या खोलीची किल्ली सेक्रेटरींकडे. आमचे सेक्रेटरी मानसिंगराव एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. वाई डेपो जसा चालवला तशीच ते सोसायटी चालवतात. गाडी सुटणार असेल तर आधी नोंद, मग गाडी. त्यांनी मला अर्ज करायला सांगितला. विषय, ‘सामाईक जागेत खाजगी वस्तू ठेवणेबाबत’. खाली त्यांनीच पट्टीने रकाने आखून दिले. रुग्णाचे नाव. आजाराचे स्वरूप. अपेक्षित कालावधी.

पहिल्या रकान्याशी मी अडलो. मानसिंगराव समोर बसले होते, त्यांच्या सौभाग्यवती दारात भाजी निवडत होत्या, आणि अर्ज नोटीसबोर्डावर लागणार होता. मी पेन टेकवलं आणि रुग्णाचे नाव म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. आजार मात्र बदलायचं सुचलं नाही. तिथे लिहिलं, ‘ओटीपोट’.

मानसिंगरावांनी चष्मा पुसून वाचलं. “ओटीपोट? गड्यामाणसाला ओटीपोट असतं का?”

“असतं,” मी म्हणालो. “आपण वापरत नाही एवढंच.”

त्यांनी बराच विचार करून शिक्का मारला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओटीपोटाबद्दल सोसायटीत जाहीर चर्चा सुरू झाली. कमिटीत दोन तट पडले. एकाचं मत मूळव्याध, दुसऱ्याचं हर्निया. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने मला जिन्यात गाठून, लग्नाला किती वर्षं झाली, असं विचारलं आणि उत्तर ऐकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मानसिंगरावांनी त्यांचा स्वतःचा हर्नियाचा पट्टा आणून दिला. “धुतलेला आहे,” ते म्हणाले. “चौऱ्याऐंशी सालचा. पण गाडी अजून लायनीवर आहे.” मी तो पट्टा दोन्ही हातांनी स्वीकारला. माणसाची इभ्रत नेमकी कोणत्या क्षणी जाते हे सांगता येत नाही, पण तिची पोच अशा वेळी मिळते.

परवानगीला अट होती. बाटली कुलपात राहील आणि औषध सेक्रेटरींच्या समक्ष घेतलं जाईल. सकाळी सात, संध्याकाळी साडेसात. माझा बेत असा होता की गोळ्या पुडीत घ्यायच्या आणि वर नेऊन प्रियदर्शिनीला द्यायच्या. पण मानसिंगरावांनी डॉक्टरांचा सूचनांचा कागद पाठ केलेला होता. “हात लावायचा नाही. झाकणातून डायरेक्ट जिभेखाली. आ करा.”

मी आ केला.

जिन्याखालच्या नळावर त्या वेळी शकुबाई हंडा लावून बसलेल्या असायच्या. शकुबाई इथल्या मूळच्या, कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या. मुलाने सोसायटीत खोली घेतली म्हणून इकडे आल्या, पण सुक्या मासळीची पाटी काही सोडली नाही. ती पाटी मीटरच्या खोलीच्या दाराशीच टेकवलेली असायची, मी वास घेत हिंडलो त्या रविवारी तेवढी ती बाहेर गेलेली होती. सुकटीच्या वासाने औषध बिघडतं का, हे मी मुद्दाम नेरूळला जाऊन विचारून आलो. डॉक्टरांनी दोन जाड ग्रंथ उघडून बघितले. जर्मन लोकांनी सुकटीचा विचार केलेला नव्हता.

“खाल्ल्यास का रं गोल्या?” शकुबाई रोज विचारायच्या.

“खाल्ल्या, मावशी.”

“खा, खा,” त्या म्हणायच्या, आणि माझ्याकडे अशा मायेने बघायच्या की मला जिना चढवायचा नाही.

कारण वर प्रियदर्शिनी थांबलेली असायची. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, बाटली उघडायलाच वेळ लागला, गोळ्या संध्याकाळी आणतो. संध्याकाळी पुन्हा आ केला. दुसऱ्या दिवशी वाशीला होमिओपॅथीच्या सामानाचं एक दुकान मिळालं. तिथे साध्या गोळ्या मिळतात, औषध न शिंपडलेल्या, नुसती साखर. मी एक मोठी बाटली घेतली आणि मार्केटातल्या कपाटात ठेवली. रोज तिथून आठ गोळ्या पुडीत बांधून आणायचो, चार संध्याकाळच्या, चार दुसऱ्या सकाळच्या. डॉक्टरांकडून खऱ्या औषधाची दुसरी बाटली मागता आली असती. पण ती ठेवायला दुसरा अर्ज, आणि त्या अर्जावर रुग्ण म्हणून कुणाचं नाव घालायचं? तेव्हा औषध माझ्यात, साखर तिच्यात आणि कागदोपत्री सगळं नियमित, अशी व्यवस्था बसली. एखादी गोष्ट एकदा नियमित झाली की ती चुकीची आहे हे लक्षात यायला फार वेळ लागतो.

पहिल्या महिन्यात प्रियदर्शिनी म्हणाली, “थोडं बरं वाटतंय.” दुसऱ्या महिन्यात काही म्हणाली नाही. तिसऱ्या महिन्यात पुन्हा शिट्ट्या मोजायला लागली, आणि त्या दिवशी कुकर लावलेला नव्हता.

तिच्या रजेचा अर्ज बेलापूरला पोचवायचं काम माझ्याकडे होतं. अर्ज ती स्वच्छ लिहायची, ‘मासिक पाळीच्या वेळी ओटीपोटात असह्य वेदना होत असल्याने’. मी बसमधून उतरायचो, कार्यालयाच्या बाजूच्या उडप्याकडे बसायचो, कोरा कागद काढायचो आणि तोच अर्ज पुन्हा लिहायचो, ‘बाहेरचे खाल्ल्याने पोटदुखी’. खाली ‘प्रियद.’ अशी सहीसुद्धा मीच करायचो. तिचा मूळ कागद घडी करून पाकिटात, चिठ्ठीच्या शेजारी. पाकीट फुगत चाललं होतं. शेठला वाटायचं माझं बरं चाललंय.

तिथले हेडक्लार्क धनाजी भोईटे. पाचव्या महिन्यात त्यांनी मला खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. त्यांनी रजेचं रजिस्टर उघडून एका रांगेत पाच ठिकाणी बोट ठेवलं.

“मिसेस दर अठ्ठावीस दिवसांनी बाहेरचं खातात?”

“हो.”

“कुठं?”

“नेरूळला.”

“आणि मग तीन-तीन दिवस पोट दुखतं.”

“ताट मोठं असतं,” मी म्हणालो.

भोईट्यांनी रजिस्टर मिटलं. “हे बघा, पंचवीस वर्षं सर्व्हिस झाली माझी. तारीख बांधून पोट दुखत नसतं. कुठंतरी दुसरं काम चालू आहे. साड्यांचं आहे का?”

हो म्हणालो असतो तर खोटं ठरलं असतं. नाही म्हणालो असतो तर खरं काय ते सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो. भोईट्यांनी माझ्या गप्प बसण्याचीसुद्धा नोंद घेतली असावी. तो माणूस व्यवस्थित होता.

त्याच आठवड्यात आम्ही नेरूळला गेलो. डॉक्टर केळुस्करांनी विचारलं, “फरक?”

“नाही,” प्रियदर्शिनी म्हणाली.

डॉक्टर खरोखर कष्टी झाले. तीनदा औषधाची ताकद वाढवूनही फरक नाही, हे त्यांना समजेना. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “तुम्ही मात्र तजेलदार दिसताय. मागे आलात तेव्हा सारखे शिंकत होतात.”

हे खरं होतं. कांद्याच्या फोलपटांनी मला सहा वर्षं शिंका यायच्या. त्या कधीतरी थांबल्या होत्या. मी त्या क्षणी एक जोरदार शिंक द्यायचा मनापासून प्रयत्न केला. आली नाही.

शिंका थांबल्याचं मानसिंगरावांच्याही लक्षात आलं होतं. तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी सकाळी त्यांनी नोटीस लावली. ‘आपले सभासद श्री. कुलदीप यांना पाच महिन्यांच्या औषधाने पूर्ण गुण आला असून त्यात सोसायटीच्या मीटरच्या खोलीचा मोलाचा वाटा आहे. सबब मीटरच्या खोलीत सायकल ठेवू नये.’ ते मला ती मोठ्याने वाचून दाखवत होते, शकुबाई हंडा भरत ऐकत होत्या, आणि वर आमच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला.

मी वर गेलो. प्रियदर्शिनी ओट्याखाली फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ओठ पांढरे. मी विचारलं, “काय होतंय?” आणि तिने कितवी शिट्टी ते सांगितलं नाही. नुसता माझ्या पँटचा पाय धरून ठेवला.

मी तो सोडवून खाली धावलो. शकुबाईंसमोर उभा राहिलो. “मावशी, तिच्या... तिचं...”

“पाली आली काय तिला?” शकुबाई म्हणाल्या. मानसिंगरावांच्या समोर. जेवण झालं का विचारावं तशा आवाजात. मानसिंगराव वळून मीटरचे आकडे वाचायला लागले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पुऱ्या बिल्डिंगीतल्या बायांना म्हाईत हाय. तिनंच सांगितला, नलावर, पैल्याच म्हैन्यात. लपवाचा काय हाय त्यान?” हंडा तसाच टाकून त्या जिना चढायला लागल्या होत्या.

“मग मी रोज गोळ्या खात होतो तेव्हा तुम्ही...”

“आमाला वाटला तू तिच्यासाटी धरल्यास. बाया नवऱ्यासाटी उपास धरतान, तसा तू तिचे गोल्या धरल्यास. आमची पोर पुतला मना म्हनाली, आये, असा नवरा पायजे.” त्या जिन्यात थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय समजायचं ते समजलं. “तसा नव्हता?”

मी मान हलवली.

“मंग तिची गोली कंची?”

“साखर,” मी म्हणालो.

शकुबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर जिना चढायला सोपा गेला असता. वर जाऊन त्यांनी प्रियदर्शिनीला उठवून बसवलं, तिच्या पाठीमागे स्वतः बसल्या, खाली पुतळाला हाक मारून रिक्षा बोलवायला सांगितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माजे पुतलाला पन हाच दुखना व्हता. वाशीचे डॉक्टरीनबायनी दुर्बीन घातली, काय व्हता तो काडला, आता पाटी घेऊन दिसभर हिंडते. तू येक शबुद बोलला असतास तर मीच नेली असती. पाच म्हैने झाले.”

डॉक्टरीणबाई त्याच. मी पाकीट काढून चिठ्ठी दिली. घडीवर तिचे चार तुकडे व्हायला आले होते आणि तिला कांद्याचा वास येत होता. बाईंनी ती टेबलावर जुळवून तारीख वाचली.

“ही पाच महिन्यांपूर्वीची आहे.”

“हो.”

“मधे काय केलंत?”

“औषध चालू होतं.”

“कुणाचं?”

“माझं,” मी म्हणालो.

त्यांनी दाखल करायचा फॉर्म पुढे केला. त्यावर आजाराचा रकाना होता. तो मी भरला. काही गाळलं नाही.

दुर्बिणीत निघायचं ते निघालं. बाईंनी जे जाळण्यासारखं होतं ते जाळलं, जे सोडवण्यासारखं होतं ते सोडवलं, आणि पुन्हा होणार नाही असं वचन दिलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रियदर्शिनी उशीला टेकून बसली, तेव्हा मी तिला गोळ्यांचं सगळं सांगितलं. मीटरची खोली, आ करणं, वाशीचं दुकान, मार्केटातलं कपाट. सांगायला फार वेळ लागला, कारण प्रत्येक वाक्यात मीच होतो.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी पहिल्या चार गोळ्या दवाखान्यातच दिल्या होत्या. त्यांना स्पिरिटचा वास होता. तुमच्या पुडीला कांद्याचा यायचा.”

“मग खायचीस कशाला?”

“तुम्ही एवढ्या लांबून आणायचात,” ती म्हणाली. मग उशी सरळ करत म्हणाली, “वाटायचं, आज सांगाल.”

मला वाटलं, याहून खाली आता काही नसेल. पण ती कामावर रुजू झाली त्या दिवशी तिला कार्यालयातून एक बंद लिफाफा मिळाला. गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा संबंधितांना कळवावा लागतो, तसा तो कळवला होता. ‘सदर कर्मचारी दर अठ्ठावीस दिवसांनी ठरवून आजारी पडतात. बाहेरचे खाल्ल्याचे कारण देतात. खाण्याचे ठिकाण नेरूळ. ताट मोठे असल्याचे पतीचे निवेदन. बाहेरील व्यवसायाचा संशय.’ वरिष्ठ लिपिकांच्या बढतीची यादी लागली होती. तिच्यामागून नोकरीला लागलेले दोघे यादीत होते, ती नव्हती.

तिने तो कागद ओट्यावर ठेवला. मी पाकिटातून तिचे पाच मूळ अर्ज काढून त्याच्या शेजारी ठेवले.

तिने एकेक उघडून वाचला, जणू दुसऱ्या कुणाचे असावेत. ओरडली नाही. म्हणाली, “दुखत होतं ते होतंच. पण दुखत होतं एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं हवं होतं ना. पाच महिन्यांत मी पाच वेळा लिहिलं. ते सगळं तुम्ही खाऊन टाकलंत.”

“आता तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने. आणि शब्द गाळायचे नाहीत.”

मी लिहिलं. तिने दोनदा परत दिलं, कारण पहिल्या खेपेला मी ‘तो त्रास’ आणि दुसऱ्या खेपेला ‘बायकांचे ते’ असं लिहिलं होतं. तिसरा तिने ठेवून घेतला, तिचे पाच अर्ज आणि बाईंचा दाखला त्याला टाचला.

तो घेऊन मी भोईट्यांकडे गेलो. त्यांनी पहिली ओळ वाचली, कागद टेबलावर पालथा घातला आणि आजूबाजूला बघितलं. “अहो, हे असं अर्जात लिहितात का? बायामाणसं आहेत ऑफिसात.”

“त्यांना माहीत आहे,” मी म्हणालो.

“तरी पण. याच्याऐवजी पोटदुखी करा. लगेच आवक शिक्का मारतो.”

मी नाही म्हणालो. अर्ज त्यांनी घेतला नाही. मग तो मी रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्याची एक प्रत मानसिंगरावांच्या नोटिशीवर चिकटवली, ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढली. दुसरी माझ्या पाकिटात असते आणि विचारील त्याला मी ती वाचून दाखवतो. तिसरी ही.

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख यांस,

विषय : प्रतिकूल शेरा अन्य व्यक्तीच्या नावे वर्ग करणेबाबत.

महोदय,

माझी पत्नी आपल्या कार्यालयात लिपिक आहे. तिला मासिक पाळीच्या वेळी ओटीपोटात असह्य वेदना होत होत्या. त्याचे कारण एन्डोमेट्रिओसिस असे असून दाखला सोबत जोडला आहे. मासिक पाळी साधारण अठ्ठावीस दिवसांनी येते, ती कर्मचाऱ्याने ठरवलेली नसते. तिने पाचही वेळा खरे कारण लिहिले होते. ते मी बदलले. तिने नेरूळला काही खाल्लेले नाही. ताट मोठे नव्हते. ताट नव्हतेच.

सबब, तिच्या गोपनीय अहवालातील ‘संशय’ हा शेरा तिथून काढून खाली सही करणाराच्या गोपनीय अहवालात नोंदवण्यात यावा. खाली सही करणारा कांदा-बटाटा मार्केटात नोकरीस असून तिथे गोपनीय असे काही नसते, त्यामुळे त्याचा असा कोणताही अहवाल अस्तित्वात नाही. तरी या एका शेऱ्यापुरता आपल्या कार्यालयात त्याचा गोपनीय अहवाल उघडावा, तो दर अठ्ठावीस दिवसांनी त्याला समोर उभे करून मोठ्याने वाचून दाखवावा, आणि हे काम खाली सही करणारा निवृत्त होईपर्यंत चालू ठेवावे, ही विनंती.